पुलावरची बाय

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी सोमवारी डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडला आणि मला फोटो दाखवायला सुरुवात केली. आदल्या दिवशी त्या नवऱ्याला आणि मुलांना घेऊन सूर्या नदीवरचा जुना लोखंडी पूल बघायला गेल्या होत्या. पुलाला निळा रंग दिलेला, वरच्या कैच्यांवर दिव्यांच्या माळा सोडलेल्या आणि बरोबर मध्यावर लाल पत्र्याचा मोठा बदाम उभा केलेला. त्या बदामात घरातल्या सगळ्यांची तोंडं. "बोईसरपासून इतक्या जवळ आहे आणि आपल्याला पत्ताच नव्हता," त्या म्हणाल्या. आपल्याला म्हणजे त्यांना. मी "छान" म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. आणखी काही बोलले असते तर त्यांना जेवण गेलं नसतं.

हा पूल मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. तो सुंदर आहे असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला उन्हातून उठवून सावलीत बसवलं असतं आणि पाणी पाजलं असतं. डोंगरातून उतरणाऱ्या नदीवर ब्रिटिशांच्या काळात कुण्या साहेबाने लोखंडाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या ठोकून तो उभा केला. एका वेळी एकच गाडी जायची. समोरून ट्रक आला की आमची बस अलीकडे थांबायची आणि ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवायचा. ट्रक चढला की सगळा पूल थंडीत दात वाजावेत तसा खडखडायचा. खाली पावसाळ्यात तांबडं, अंगावर येणारं पाणी, आणि उन्हाळ्यात काळे धोंडे व त्यांच्यामधल्या डबक्यात म्हशी. पुलाचा रंग कोणता होता ते मला सांगता येणार नाही, कारण गंजाखाली तो कधी दिसलाच नाही. कठड्याला हात लावला की हात तांबडा व्हायचा आणि आई तो माझ्याच फ्रॉकला पुसायची.

त्याच्या तोंडाशी आता एक फलक आहे. लोखंड कुठून आलं, कसं आलं, कोणत्या थोर माणसाने फीत कापली, हे सगळं त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय. ज्यांनी हा पूल खरोखर वापरला त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. असायचं कारणही नाही म्हणा, त्यांना कुठे फीत कापता येते?

पायी जाणाऱ्यांसाठी पुलाच्या एका कडेला अरुंद पट्टी होती आणि मध्यावर नदीच्या अंगाला बाहेर काढलेला एक कोनाडा. गाडी आली की माणसाने त्यात अंग चोरून उभं राहावं, एवढाच साहेबाचा हेतू. आमच्याकडच्या बायकांनी त्या कोनाड्याचा बाजार केला.

आमचं गाव दांडी. घर किनाऱ्यावर, वडील होडीवर, आणि आई वाळवणात. पावसाच्या तोंडावर डोंगराकडची माणसं चार महिने पुरेल इतकी सुकी मासळी घरात भरून ठेवतात. त्या भरण्याला आगोट म्हणतात. आगोटीच्या दिवसांत आई डोक्यावर पाटी घेऊन बस पकडायची आणि पुलाच्या अलीकडे उतरायची. आमच्या बायका वरच्या बाजारात गेल्या तर तिथले व्यापारी त्यांना उकिरड्याशेजारी बसवायचे. वरच्या बायका खाली बोईसरला आल्या तर दुकानदार त्यांना हडतहुडत करायचे. म्हणून आईच्या सासूच्या वेळेपासून असं चालत आलेलं, की दर्याकडच्यांनी अर्ध्या पुलापर्यंत जायचं आणि डोंगराकडच्यांनी अर्ध्या पुलापर्यंत यायचं. प्रत्येकीची समोरची एक ठरलेली असायची. दुसरीच्या ठरलेलीकडे बघायचंसुद्धा नाही.

व्यवहार कसा, तर पैसा नाही, ताजवा नाही, माप नाही. दोन टोपल्या शेजारी ठेवायच्या. आई समोरचीच्या टोपलीत बोंबील, जवळा, मांदेली ओतत राहायची, ती "बस" म्हणेपर्यंत. मग ती आईच्या पाटीत वाल, उडीद, नागली ओतायची, आई "बस" म्हणेपर्यंत. गंमत अशी की दोघीही फार लवकर बस म्हणायच्या. आणि बस म्हटल्यावरही ओतणारी आणखी थोडं ओतायची, मग घेणारी ओरडायची, मग दोघी हसायच्या, समोरची नेहमी तोंडावर हात ठेवून. शाळेच्या सुट्टीत मी बरोबर असले की मला हे बघून वीट यायचा. आज मी प्रयोगशाळेत एक कण इकडचा तिकडे होऊ देत नाही, आणि मला अजूनही तो व्यवहार पटत नाही. पण आमच्या घरात वालाला कधी कीड लागली नाही आणि कुणी कुणाला फसवल्याचंही ऐकलं नाही.

नाव विचारायची पद्धत नव्हती. आई तिला बाय म्हणायची आणि ती आईला बाय म्हणायची. आमच्या घरी तिचा उल्लेख "पुलावरची" असा व्हायचा, तिच्या घरी आईचा कसा व्हायचा ते मला पुढे कळलं. बाकी मात्र त्यांना एकमेकींचं सगळं माहीत. तिचा कुठला गुडघा दुखतो, तिची गाय कोणत्या महिन्यात व्यायली, सून भाजीत मीठ टाकायला कशी विसरते. आमच्या वडिलांचा स्वभाव तिला त्यांच्या आईपेक्षा जास्त ठाऊक असावा. माझं ठरलेलं लग्न मोडलं त्या वर्षी तिने पळसाच्या पानात मोहाची फुलं बांधून दिली होती. "पोरीला भाजून दे, तोंडाची चव परत येल," असा निरोप होता. नातेवाइकांनी त्या वर्षी मला भरपूर उपदेश दिला. खाण्यासारखं काहीतरी तेवढ्या त्या बाईनेच दिलं.

पुढे खालच्या अंगाला सिमेंटचा नवा पूल झाला आणि बस त्यावरून न थांबता जाऊ लागली. जुन्या पुलावर उरल्या फक्त बायका आणि टोपल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले आणि वर पाटी लागली: धोकादायक. इतकी वर्षं खडीने भरलेले ट्रक त्यावरून जात होते तेव्हा तो धोकादायक नव्हता. चार बायका जवळा घेऊन बसायला लागल्या तशी पूल कोसळण्याची भीती वाटली. ज्या डोक्यातून हे निघालं ते डोकंही एकदा पत्र्याने बंद करून बघायला हवं होतं.

त्या आगोटीला आई गेली, पत्र्यासमोर पाटी ठेवून बसली आणि शेवटच्या बसने मासळी तशीच घेऊन परत आली. पुढच्या रविवारी, म्हणजे वरच्या बाजाराच्या दिवशी, पुन्हा गेली आणि पुन्हा तशीच आली. मी रात्री बाहेरून येऊन बघते तर पाटी दारात आणि आई पायरीवर.

"तिचा फोन नंबर?" मी विचारलं.

"कशाला? ती पुलावर असतेच."

"गाव कुठलं तिचं?"

"वरचा."

"वर काय एकच गाव हाय का, आये? नाव तरी?"

"बाय."

मी कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांत या दोन बायकांना एकमेकींच्या गाईची, गुडघ्याची, सुनेची चौकशी करायला वेळ मिळाला आणि गावाचं नाव विचारायला मिळाला नाही. मी फाडफाड बोलले. आई म्हणाली, "नाव अनोळखी मानसाला इचारतात, पोरी." मी जेवायला बसले. पण त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला, पुलावरचीला एकदा भेटायचं. तिला वाटायचं, ती तिकडे पत्र्याच्या पलीकडे बसून असेल आणि आपण आलो नाही म्हणून रागावली असेल. त्या पावसाळ्यात घरात वाल दुकानातून आणले. आईने शिजवले, पण खाल्ले नाहीत.

पावसाळा गेला. आणि मग कुणा वजनदार माणसाच्या डोक्यात आलं की हा पूल म्हणजे इतिहास आहे. लगेच रंग आला, दिवे आले, बाकडी आली. उद्घाटनाला मांडव घातला आणि मांडवात ज्यांनी त्या पुलावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्यांनी त्याच्या आठवणींनी गळा काढला. मी हे मोबाइलवर पाहिलं. एक वक्ते म्हणाले, हा पूल माणसांना जोडतो. जोडलेली माणसं तोडून झाल्यावर हे बोलायला अंगात फार ताकद लागते. त्यांच्यात ती होती.

आईच्या कानावर यातलं एकच आलं, पत्रे काढले. उन्हाळा येताच तिने परातीत घेऊन बोंबील एकेक निवडले. मोडका नको, काळपट नको. बांबूंच्या वलांडीवर टांगून ती अशी वाळवत होती जशी लेकीचं बाळंतपण काढायला निघाली आहे. आगोटीचा पहिला रविवार आला तेव्हा मी सुट्टी असून झोपले नाही आणि तिच्याबरोबर गेले. तिचे गुडघेही आता पुलावरचीसारखेच झाले होते आणि पाटी उचलायला कुणीतरी हवं होतं.

पुलाच्या तोंडाशी फाटक, फाटकात निळ्या कपड्यांतला पहारेकरी. त्याने पाटीवरचं फडकं बघितलं आणि हात आडवा केला. "मौसी, मछली लेके अंदर नहीं। लोग घूमने आते हैं, बास आती है।"

मी त्याला म्हटलं, भाऊ, तू बोईसरला राहतोस ना? तिथल्या कारखान्यांतून रोज नाकात काय जातं ते कधी विचारलंस का? तो हसला. चांगला मुलगा होता, हुकमाचा ताबेदार. त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता, म्हणून मी आजूबाजूला चिडायला योग्य माणूस शोधू लागले. तो लगेच मिळाला. गळ्यात मोठा कॅमेरा, डोक्यावर विलायती टोपी, मुंबईहून आलेला. त्याने आईला पाहिलं आणि त्याचे डोळे लकाकले. "अहो, सोडा त्यांना! पाटी, लुगडं, मागे पूल. असं अस्सल कुठे मिळतं आता?" त्याने पहारेकऱ्याला बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं आणि फाटक उघडलं.

म्हणजे मासळी विकायला नेली तर वास येतो आणि फोटोसाठी नेली तर येत नाही. मी पाटी घेऊन परत वळणारच होते. पण आई केव्हाच आत गेली होती. कोण कशासाठी सोडतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

कोनाड्यात लाल बदाम उभा होता. आईने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या खालच्या टोकाशी पदराने जागा झाडली आणि आपल्या जुन्या जागी बसली. फोटो काढायला रांग लागलेली होती. ती रांग जराशी मागे सरकली. एका बाईने नाकाला ओढणी लावली, तिच्या मुलीने विचारलं, "मम्मी, ये आंटी यहाँ क्यों बैठी है?" टोपीवाला गुडघ्यावर बसून कॅमेरा फिरवत होता. "मावशी, इकडे बघा. जरा दमल्यासारखं करा."

आई खरोखरच दमली होती. ते ऐकून ती ताठ बसली.

तिचं लक्ष पलीकडच्या टोकाकडे होतं. तिकडून जे कुणी येत होतं ते हातात आइस्क्रीम घेऊन, इकडूनच जाऊन परत फिरलेलं. टोपली घेतलेलं एकही माणूस नाही. ऊन चढलं. नव्या रंगाचं लोखंड तापून त्याचा वास सुटला. मी म्हटलं, "आये, चल आता." ती म्हणाली, "येल. आगोट हाय, ती येल." आणखी थोडा वेळ गेला. मग तिने हात टेकून उठायला सुरुवात केली. मला वाटलं निघाली घरी. ती पलीकडे चालू लागली.

माझी आई आयुष्यात त्या पुलाच्या मध्यापुढे कधी गेली नव्हती. ती हद्द कुणी आखलेली नव्हती, पण तिने ती पाळली होती. आता ती पाय ओढत, कठड्याला धरत पुढे निघाली, मी मागून पाटी घेऊन, आणि माझ्यामागून तो टोपीवाला. पलीकडच्या टोकाला लोखंडी गजांचं फाटक होतं, त्याला कुलूप आणि फलक: प्रवेश दुसऱ्या बाजूने. डोंगराकडून येणाऱ्या माणसाने सिमेंटच्या पुलावरून नदी ओलांडायची, मोठा वळसा घालून इकडे यायचं आणि मग आत शिरायचं. कुणा शहाण्याने आखलं असेल हे? वरून खाली येणारी माणसं त्याने हिशेबातच धरली नव्हती.

ती माणसं गजांच्या बाहेर बसली होती. आंब्याच्या सावलीत बायकांची रांग, पुढ्यात करवंदं, ताडगोळे, वालाच्या पुरचुंड्या. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. आईने गज धरले आणि विचारलं, "माजी बाय कुटं हाय?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "नाव काय तिचा?"

आईला सांगता येईना. ती खुणा सांगू लागली. उजवा गुडघा दुखतो. हसताना तोंडावर हात ठेवते. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, गाईच्या दाव्यात सापडून मोडलेली. गाय तांबडी होती. ती बोलत होती आणि मला लाज वाटत होती, कारण मागे टोपीवाला कॅमेऱ्यात हे सगळं भरून घेत होता. मग रांगेच्या टोकाची एक तरुण बाई उठली आणि गजांजवळ आली.

"तू दर्यावरची काय?" तिने विचारलं.

आमची आई त्यांच्या घरी दर्यावरची होती.

"माजी सासू ती. सासू गेली, मावशी. पावसात गेली."

ती सूनच बोलत राहिली, भाजीत मीठ टाकायला विसरणारी हीच. पत्रे लागल्यावर सासूही इकडे येऊन बसायची. दोन बाजार बसली. मग तिच्या मनाने घेतलं की दर्यावरची आजारी आहे. "आमी नको नको मनत होतो. तिनं वालाची गाठडी बांदली आनि एकलीच बोईसरला गेली. तिला वाटं, खाली उतरली की दर्या आनि दर्यावर तू. टेशनाबाईर बसली. येनाऱ्या-जानाऱ्याला इचारं, दर्यावरची बाय कुटं रातं? लोक हसं. दिस मावळला तवा परत आली. मनली, केवडी मानसं गं, पन तिला कुनीच वळखत नाय."

ज्या स्टेशनाबाहेर ती बसली होती तिथूनच मी रोज कारखान्याची रिक्षा पकडते. डोळे तेव्हा मोबाइलमध्ये असतात. ती मला दिसली असती तरी मी तिला ओळखलं असतं का, कोण जाणे. पण मोहाच्या फुलांची चव माझ्या तोंडात अजून आहे.

"नाव सांगू का तिचा?" सुनेने विचारलं.

"नको," आई म्हणाली. "आता हाक कुनाला मारू?"

तिने माझ्या हातातली पाटी घेतली आणि खाली ठेवली. फडकं काढलं. सुनेला टोपली गजांना लावायला सांगितली. मग दोन्ही हातांनी बोंबील उचलून ती गजांमधून पलीकडे टाकू लागली. ओंजळीमागून ओंजळ. टोपलीचा तळ झाकला, टोपली भरली, वर शीग आली. सून रडत होती आणि टोपली दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिला रीत माहीत नव्हती. आई दर ओंजळीला थांबायची, तिच्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा खाली वाकायची. बोंबील टोपलीतून सांडून रस्त्यावर पडायला लागले.

मागून आवाज आला, "मावशी, वाह! परत एकदा तसंच करा."

पाटी संपत आली होती. बस म्हण, बाई, बस म्हण, असं मला त्या सुनेला ओरडून सांगायचं होतं. शेवटी मीच बस म्हणायला तोंड उघडलं. पण ते म्हणणारी मी कोण?